२२ वर ठेव आणि विसर!

गाडीतल्या ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलवरून आमच्या ऑफिसात सरळ दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, उन्हात तापलेल्या गाडीत बसलं की आधी आकडा १६ करायचा, म्हणजे लवकर गार होतं. दुसरा म्हणतो, २२ वर ठेव आणि विसर. अस्मादिक दुसऱ्या पक्षात. का, ते सांगतो.

साध्या एसीत नॉब फिरवू तेवढंच गाडी करते. थंडी वाजली की नॉब परत आपणच फिरवायचा. क्लायमेट कंट्रोलमध्ये मात्र २२ हा गारव्याचा जोर नसून ध्येय आहे. इंजिनिअरिंगला पास होण्यापुरता वाचलेला फीडबॅक लूप, तो हाच! डॅशबोर्डवरच्या बारीक जाळीमागचा सेन्सर आतली हवा मोजतो, पुढच्या बंपरजवळचा बाहेरची, आणि बऱ्याच गाड्यांत काचेखाली ऊन मोजणारा आणखी एक असतो. त्यावरून पंखा किती फिरवायचा, हवा कुठून सोडायची आणि गार हवेत गरम हवा किती मिसळायची ते ठरतं.

हो, गरम! हवा आधी चांगली गार करतात, मग तिच्यातली थोडी हीटरवरून नेऊन हवी तशी करतात. एक झडप हे मिसळण्याचं काम करते. गाडी आत ४५ ला तापलेली असेल, तर १६ काय नि २२ काय, झडप हीटरकडे बंद आणि पंखा फुल्ल. १६ वाले फक्त नंतर कुडकुडतात :)

कल्पना जुनीच आहे. १९३९ मध्ये पॅकार्डने गाडीत एसी आणला तेव्हा तो बंद करायला इंजिन थांबवून पट्टा काढावा लागे. आकडा लावून विसरायची सोय कॅडिलॅकने १९६४ च्या मॉडेलमध्ये दिली.

पण हे सगळं खरं कामाला येतं पावसाळ्यात. आमचे बाबा म्हणतात, "पावसात कसला एसी? उगाच पेट्रोल जाळायचं!" गेल्या जुलैत ताम्हिणीत तेच गाडी चालवत होते. एसी बंद, काचा बंद, आत चौघांचे श्वास आणि ओले कपडे. एका वळणावर समोरची काच पांढरी झाली. बाबा एका हाताने काच पुसतायत आणि समोरून एसटीचे दिवे! मागून आईचं "अहो, हळू!" चालूच. मी पटकन एसी लावला, रीसर्क्युलेशन बंद केलं, हवा काचेवर सोडली. मिनिटभरात रस्ता दिसायला लागला.

एसी हवा नुसती गार करत नाही, कोरडीही करतो. बाष्प आतल्या थंड कॉइलवर जमून गाडीखाली ठिबकतं. तीच कोरडी हवा पुढे हीटरवरून कोमट करता येते. म्हणून काच पुसायला एसी आणि हीटर दोन्ही एकदम लागतात.

अजून एक. काच बोटाने आतून पुसूनही धूसर राहिली, तर बाष्प बाहेरून जमलंय. काच फार गार झाली की असं होतं. मग वायपर फिरवायचा आणि आकडा दोनतीनने वाढवायचा.

धूसर काच ओळखणारा सेन्सर सगळ्या गाड्यांत नसतो. तेव्हा २२ लावून विसरा, पण घाटात डिफ्रॉस्टचं बटण कुठे आहे ते विसरू नका. निघण्याआधीच शोधून ठेवा.