पंधरा भाषांच्या नोटेचे गाव : नाशिक रोड

आपल्या घरात पासपोर्ट असेलच. कुणी हजला किंवा उमऱ्याला जाऊन आलेले असते, कुणाचा मुलगा आखातात कामाला असतो. ती निळी पुस्तिका ज्या प्रेसमध्ये छापली जाते, तिच्या आसपासच आमचे लहानपण गेले. आता खिशातली शंभराची नोट काढा आणि मागची बाजू पाहा. एका उभ्या पट्टीत पंधरा भाषांतून रक्कम लिहिलेली आहे. भाषांची मांडणी इंग्रजी वर्णक्रमाने आहे, म्हणून मराठी आठवी, म्हणजे बरोबर मध्यावर, आणि उर्दू सर्वांत शेवटी. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांना ही पट्टी वर्गात फार उपयोगी पडते.

आम्ही नाशिकचे म्हटले की लोक लगेच विचारतात, "म्हणजे जुने नाशिक ना? कोकणीपुरा की चौक मंडई?" त्यांचेही चुकत नाही. मुघलांच्या काळात गुलशनाबाद म्हणवणारे शहर ते. तिथे पिंजार घाटावर बडी दर्गा आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचे मोहल्ले आहेत. आमच्या नाशिक रोडला असला वारसा नाही. इथला प्रत्येक जण कुठून तरी कामासाठी आलेला.

नावातला 'रोड' रेल्वेने दिला. गाव रुळांपासून दूर असेल आणि स्टेशनवरून सडकेने जावे लागत असेल, तर स्टेशनच्या नावापुढे 'रोड' जोडायची तेव्हा रीत होती. १ जानेवारी १८६५ रोजी थळ घाटातला मार्ग खुला झाला आणि मुंबईची गाडी थेट इकडे येऊ लागली. पण शहर राहिले आठ-नऊ किलोमीटरवर. मधल्या अंतरासाठी १८९० च्या सुमारास घोड्यांची ट्राम सुरू झाली. ती स्टेशनपासून मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेपर्यंत जाई. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली. आज त्याच रस्त्यावर बसमध्ये उभ्याने अर्धा-पाऊण तास जातो, तेव्हा घोडे काही वाईट नव्हते असे वाटते.

वस्ती खरी वाढली ती प्रेसमुळे. भारताची टपाल तिकिटे पूर्वी लंडनहून छापून येत. १९२५ मध्ये इथे इंडिया सिक्युरिटी प्रेस उभी राहिली आणि ते काम इकडे आले. १९२८ मध्ये करन्सी नोट प्रेस सुरू झाली. पहिली नोट निघाली ती पाच रुपयांची. प्रेस आली तसे कामगार आले, कामगारांमागे किराणा, शिंपी, सायकलवाले, शाळा आणि मशिदीही. देवळालीगावचा सोमवारचा बाजार आधीपासून भरत होता, त्याला गिऱ्हाईक मिळाले. नाशिक रोड-देवळालीची नगरपालिका स्वतंत्र होती. ७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक महानगरपालिका झाली आणि आम्ही कागदोपत्री शहरात गेलो. बोलताना मात्र अजूनही "जरा नाशिकला जाऊन येतो" असेच म्हणतो.

आमचे अब्बा सिन्नर तालुक्यातल्या एका खेड्यातून येऊन प्रेसमध्ये लागले. क्वार्टर मिळायचे ते पगाराची श्रेणी आणि नोकरीची वर्षे पाहून. वर कोण, खाली कोण, समोर कोण, हे एका सरकारी यादीने ठरवलेले. त्या यादीत जातीचा किंवा मजहबचा रकाना नव्हता. म्हणून आमच्या जिन्यात समोर कोकणातले गुरव कुटुंब, वर तमिळ, खाली मालेगावचे अन्सारी अशी मांडणी आपोआप झाली. एकोप्यावर कुणी भाषण दिल्याचे आम्हाला आठवत नाही. आठवते ती पाळ्यांची अदलाबदल. रमजानमध्ये अब्बांची दुसरी पाळी आली की समोरचे काका ती स्वतःकडे घेत, म्हणजे अब्बांचा रोजा घरी सुटे. गणपतीत अब्बा त्याची परतफेड करत. प्रेसच्या गेटवर येता-जाता झडती, आतल्या कामाबद्दल बाहेर अवाक्षर काढायचे नाही. आमच्या वडिलांनी आयुष्यभर नोटा छापल्या आणि घरी त्यावर एक वाक्य बोलले नाहीत. पण कुणाची पाळी कधी, हे साऱ्या जिन्याला पाठ असायचे.

अम्मी लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठी जेमतेम येत होते. ते तिला कुरडयांनी शिकवले. उन्हाळ्यात गच्चीवर चार घरच्या बायका मिळून वाळवण घालायच्या. गव्हाचा चीक, साचा, घाटा हे शब्द अम्मीने तिथे उचलले आणि शेवटपर्यंत दखनीत बोलतानाही तसेच वापरले. आम्ही मुले मराठी शिकलो ती लगोरी खेळताना झालेल्या भांडणांत.

हे मुद्दाम सांगतो, कारण आज आमच्या वर्गात त्याचा फरक दिसतो. उर्दू माध्यमातल्या मुलांना मराठीचा निबंध पाठ असतो, व्याकरणात गुणही बरे पडतात. पण मधल्या सुट्टीत मराठीतून थट्टा करा म्हटले, तर गप्प होतात. मुले हुशार आहेत. त्यांच्या जिन्यात मराठी बोलणारे घरच उरलेले नाही. सेंट्रल जेलची भिंत आमच्याच भागात आहे. साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत, ९ ते १३ तारखेदरम्यान, 'श्यामची आई' लिहिली ती नाशिकच्या तुरुंगात. दर फेब्रुवारीत हे वर्गात सांगतो, तेव्हा मुलांचे डोळे चमकतात. आणि पुढच्या परिच्छेदात 'ओटा' आणि 'माजघर' आले की पुन्हा आमच्याकडे बघू लागतात.

झाले असे की जुनी माणसे निवृत्त झाली आणि क्वार्टर सुटले. नेहरूनगरच्या वसाहतीतून फिरताना आता बंद दारे जास्त दिसतात. ज्याला त्याला आपले घर शोधावे लागले, आणि इथे सरकारी यादी नव्हती. आमच्या नात्यातल्या एका तरुण जोडप्याला एका सोसायटीत फ्लॅट पसंत पडला, बोलणी झाली; नाव सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी फोन आला की तो कालच गेला. तीन ठिकाणी फ्लॅट असाच 'काल' गेला. शेवटी ते वडाळ्याकडे राहायला गेले. तिथे मशीद पायी दोन मिनिटांवर, उर्दू शाळा जवळ, मटणवाला ओळखीचा. सोय आहे, ती आम्ही नाकारत नाही. आपल्यापैकी पुष्कळांनी दार बंद होण्याची वाटच पाहिली नाही, सोयीकडे आपणहून गेले, हेही खरे. पण त्यांची सात वर्षांची मुलगी "मराठी टीचरची भाषा" म्हणते, तेव्हा तिच्या आजीच्या कुरडया आठवतात.

गेल्या वर्षी आमच्या शाळेतल्या एका नव्या शिक्षिकेला जेल रोडला दोन खोल्या भाड्याने मिळाल्या. घरमालक प्रेसमधून निवृत्त झालेले. नाव ऐकून त्यांनी फक्त एवढेच विचारले, "वडील कुठल्या पाळीत होते?" तिचे वडील प्रेसमध्ये नव्हतेच, ते जळगावला एसटीत होते. काकांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "चालेल, तिथेही पाळ्या असतात." डिपॉझिट मात्र पुरेपूर घेतले, आणि गच्चीवर वाळवण घालायची जागा आधीच दाखवून ठेवली.