जोडीने न राहणारे मासे

मुंबईतल्या कुठल्याही फिश टँकच्या दुकानात भाव विचारा, उत्तर जोडीचंच मिळतं. गप्पी जोडी, मॉली जोडी, एंजल जोडी. त्यातला नर कुठला नि मादी कुठली, याची खात्री बऱ्याचदा खुद्द दुकानदारालाही नसते. पण एकटा जीव घरी न्यायला मन धजत नाही आणि दोनापुढे खिसा उघडत नाही. जोडी म्हटलं की दोन्ही प्रश्न मिटतात. वडिलांनी क्रॉफर्ड मार्केटातून आमची पहिली टाकी आणली, तेव्हा तिच्यात सगळं असंच जोडीजोडीने आलं. त्यात झेब्रा माशांचीही एक जोडी होती. बोटाच्या दोन पेरांएवढे मासे, चंदेरी अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत निळ्या रेघा.

ही जोडी घरात लवकरच बदनाम झाली. दोघे दिवसभर एकमेकांच्या मागे लागायचे, त्याचा कंटाळा आला की एंजलच्या लांब, झुलत्या परांना टोचे मारायचे. आजी त्यांना ‘मेले गुंड’ म्हणायची. पुढे त्यातल्या एकाने टाकीबाहेर उडी मारली. उरलेला सुधारेल असं सगळ्यांना वाटलं. तो फिल्टरच्या आड जाऊन बसला आणि खाणं टाकलं तरी वर येईना. माशाचा स्वभावच तसा, असा निकाल देऊन घराने विषय संपवला.

तारापोरवाला मत्स्यालय आमच्या गिरगावातून चालत जाण्याइतकं जवळ. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झालेल्या त्या इमारतीत, घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला फिरवून आणणं हे माझं काम होतं. पाहुणे मोठ्या माशांपाशी आणि कासवांपाशी रेंगाळत. मी छोट्या माशांच्या घोळक्यासमोर उभा राही. पन्नासेक मासे एका क्षणी डावीकडे वळतात, तेव्हा त्यांना सांगतं कोण? याला चाळीची उपमा द्यायचा मोह होतो, पण चाळीत पुढे कोण आणि मागे कोण हे पक्कं ठरलेलं असतं. इथे पुढारीच नसतो. प्रत्येक मासा फक्त शेजाऱ्यांकडे लक्ष ठेवतो: फार जवळ आला तर सरकायचं, दूर गेला तर गाठायचं, तो ज्या दिशेला तोंड करील तिकडे आपणही करायचं. क्रेग रेनल्ड्स या संगणकतज्ज्ञाने १९८७ साली एवढेच तीन नियम घालून पडद्यावर थवे उडवून दाखवले. माशांकडे डोळ्यांखेरीज अंगाच्या दोन्ही बाजूंनी जाणारी पार्श्वरेषाही असते; शेजाऱ्याने हलवलेलं पाणी तिला कळतं. आणि शिकारी माशाची अडचण अशी, की घोळक्यात नेमका कोणता धरायचा हे ठरेपर्यंत तो निसटलेला असतो. एकट्या झेब्र्यापाशी यातलं काहीच नाही. तो फिल्टरच्या आड बसला, ते भीतीने.

नोकरी लागली, भाड्याच्या जागा बदलत राहिलो. पाण्याने भरलेली काच घेऊन कोण बिऱ्हाड हलवणार? त्या बऱ्याच वर्षांनंतर झेब्रा पुन्हा भेटला तो भाचीच्या तोंडून. ती जीवशास्त्रात संशोधन करते.

“मामा, तुला काय वाटलं, हा परदेशी मासा आहे? आपल्याकडचाच आहे तो.”

खरोखर आपल्याकडचाच. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातले संथ ओढे, डबकी आणि भातखाचरं हे त्याचं घर. ईस्ट इंडिया कंपनीतला स्कॉटिश डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२च्या आपल्या गंगेतल्या माशांवरच्या पुस्तकात त्याची नोंद केली. पुढे अमेरिकेत ओरेगन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगरने त्याला प्रयोगशाळेत बसवलं; १९८१ साली त्याने या माशाचे क्लोन तयार केले. याचं अंडं बाहेर फलित होतं आणि गर्भ पारदर्शक असतो, त्यामुळे साधारण एका दिवसात धडधडू लागलेलं हृदय सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत दिसतं. माणसाच्या सुमारे सत्तर टक्के जनुकांचं नातं या माशात सापडतं. भाचीने तिच्याकडच्या टाक्या दाखवल्या. प्रत्येकीत घोळका होता. जोडीने ठेवलेला मासा फक्त पैदाशीच्या वेळी, तोही एका रात्रीपुरता.

आता ठाण्याच्या घरात टाकी आहे. उंच नाही, लांब आहे, कारण या माशाला पोहायला सरळ धाव लागते. वर झाकण आहे. उडी मारायची सवय घोळक्यातही जात नाही. मुंबईच्या हवेत त्याला हीटर लागत नाही. पाणी भरल्यावर महिनाभर टाकी जवळजवळ रिकामीच चालवली, चिमूटभर खाणं टाकत. घरच्यांनी ‘हे पाणी पाळतात’ म्हणून थट्टा केली. पण माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला तेवढा वेळ घेतातच. मग आठ झेब्रे, तळाला कोरीडोरास, नंतर थोडे चेरी बार्ब. एंजल मुद्दाम आणला नाही. पाठलाग आजही चालतो, पण आपापसात, एकाच्या वाट्याला सगळा मार येत नाही. बाकीच्यांकडे ते ढुंकून पाहत नाहीत. आजी असती तर तिला ‘गुंड’ मागे घ्यावं लागलं असतं.

आता दुकानांत निळ्या दिव्याखाली चमकणारे गुलाबी-हिरवे झेब्रेही दिसतात. जेलीफिशसारख्या जीवांची जनुकं घालून केलेले. मुळातला निळ्या रेघांचा मासा एवढा देखणा असताना हा उद्योग मला फाजील वाटतो. पण रंग कोणताही असो, त्याला संगत तेवढीच लागते.

तेव्हा दुकानात गेलात आणि समोरच्याने सवयीने जोडी पिशवीत भरायला घेतली, तर त्याला थांबवा आणि आठ मागा. आठांना पुरेल एवढी लांब टाकी घरात नसेल, तर गप्पी घ्या. झेब्रा नेऊ नका.