नॉट बॅड!

मागच्या महिन्यात नेरुळच्या घरी नातवाने चित्र दाखवलं. मी कौतुकाने म्हटलं, "नॉट बॅड!" पोराचा चेहराच पडला. आमच्या लहानपणी वडिलांचं "बरं आहे" म्हणजे केवढी शाबासकी!

२००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हा वर्गात मी 'गुड'च्या पुढे कधी गेलेच नाही. वहीत लाल शाईने 'केअरलेस' मात्र सफाईने लिहायचे. किती चेहरे पडले असतील, तेव्हा पाहिलंच नाही.

आता सत्तरी ओलांडल्यावर 'वंडरफुल', 'वेल डन' घोकतेय. आधी उसनं वाटायचं. मग आठवलं, आपलं 'शाबास'ही फारसी 'शाद बाश'वरून आलेलं. म्हणजे 'आनंदी राहा'.

काल चित्राची वही पुन्हा पुढे आली. "वंडरफुल!" म्हटलं. आणि सवयीने पाठोपाठ "शाब्बास"ही!