बिनकंसाची प्रत

गेल्या दिवाळीत मुलगी पुण्याहून घरी आली होती. परतीच्या गाडीचे तिकीट छापून घ्यावे म्हणून तिने माझा संगणक उघडला आणि दोन मिनिटांत स्वयंपाकघराच्या दिशेने हाक दिली, "आई, बाबांचं हे बघ गं! एका खोलीत सगळं गाव कोंडून ठेवलंय!" ती खोली म्हणजे 'डाउनलोड्‌स' नावाचा कप्पा. मोजदाद केली तेव्हा त्यात २,१४६ फायली निघाल्या. शासनाची परिपत्रके, पगारपत्रके, विजेची देयके, लग्नपत्रिका, एका दिवंगत स्नेह्याच्या श्राद्धाचे निमंत्रण, आणि पुढेमागे निवांतपणे वाचू म्हणून उतरवून ठेवलेली, पण कधीच न उघडलेली शे-दीडशे जुनी मराठी पुस्तके. तिचे तिकीट त्या गर्दीत कुठेतरी होते. ते सापडेना, म्हणून तिने ते पुन्हा उतरवून घेतले. म्हणजे २,१४७.

'डाउनलोड' या शब्दाला आपल्याकडे 'उतरवून घेणे' असा चांगला प्रतिशब्द आहे. दप्तरी भाषेत 'उतारा' म्हणजे मूळ नोंदीची नक्कल. तिठ्यावर दृष्ट काढून टाकतात तोही उताराच, आणि तो ओलांडू नये असे आमची आजी बजावीत असे. माझ्या कप्प्याची गत या दुसऱ्या उताऱ्यासारखी झाली होती: एकदा टाकले की त्याकडे पुन्हा वळून पाहायचे नाही.

खरे सांगायचे तर मी हा कप्पा वेळोवेळी साफ करतो अशी माझी अनेक वर्षे समजूत होती. कंट्रोल आणि जे ही कळ दाबली की ब्राउझरमध्ये उतरवलेल्या फायलींची यादी येते. ती मी महिन्याकाठी पुसून टाकीत असे आणि पाटी कोरी झाली म्हणून समाधान मानीत असे. ती यादी ही केवळ आवक नोंदवही आहे. नोंदवहीचे पान फाडले म्हणून कपाटातले कागद नाहीसे होत नाहीत, एवढी साधी गोष्ट मुलीने सांगेपर्यंत माझ्या ध्यानात आली नव्हती.

परंतु मला जे सांगायचे आहे ते या विनोदी प्रकारापुरते नाही. त्याआधी काही वर्षे याच कप्प्याने मला एक असा चटका दिला होता, की त्यानंतरही मी तो तसाच ठेवला याचे आज नवल वाटते.

आठवीच्या मुलांसाठी केंद्र शासनाची एक शिष्यवृत्ती आहे. शासकीय वा अनुदानित शाळेतील, बेताच्या उत्पन्नाच्या घरांतील मुलांनी परीक्षा द्यायची. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत दरसाल १२,००० रुपये मिळतात. चार वर्षांचे ४८,०००. ज्या घरातील मुलगी दहावीनंतर शिकेल की नाही हे अशाच रकमांवर ठरते, त्या घरांना या आकड्याचा अर्थ वेगळा समजावून द्यावा लागत नाही. आमच्या वर्गशिक्षिकेने पात्र मुलांची यादी करून मला ई-मेलने पाठवली. तीत दहा नावे होती. संध्याकाळी त्यांनी जन्मतारखेची एक चूक दुरुस्त करून ती पुन्हा पाठवली. दुसऱ्या दिवशी एका मुलीच्या वडिलांनी उत्पन्नाचा दाखला आणून दिला, म्हणून अकरावे नाव घालून तिसऱ्यांदा पाठवली. फायलीचे नाव तिन्ही वेळा एकच, 'पात्र सूची'. मी तिन्ही उतरवून घेतल्या. ब्राउझरने पहिलीला आहे तेच नाव ठेवले, दुसरीपुढे कंसात १ घातला, तिसरीपुढे कंसात २.

अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी मी कप्पा उघडला. तीन सूच्या दिसल्या. तीस वर्षे शासकीय नोकरीत मुरलेल्या मनाने क्षणात निर्णय दिला: बिनकंसाची ती मूळ, कंसातल्या तिच्या नकला. कचेरीत मूळ प्रतीला मान असतो, नकलेला नसतो. म्हणून मी निःशंकपणे मूळ प्रत घेतली आणि तीवरून दहा मुलांचे अर्ज भरले. संगणकाच्या राज्यात 'मूळ' म्हणजे सर्वांत शिळी, आणि कंसातला सर्वांत मोठा आकडा ही सर्वांत ताजी प्रत, हे उमगले तेव्हा मुदत संपली होती.

मुलीचे वडील हातगाडीवर भाजी विकतात. मी त्यांना बोलावून घेतले आणि चूक माझी आहे असे स्पष्ट सांगितले. ते मुळीच रागावले नाहीत. "कोई बात नहीं, साहब, अगले साल भर देंगे," एवढेच म्हणाले. ती परीक्षा फक्त आठवीत देता येते आणि पुढच्या वर्षी त्यांची लेक नववीत असणार, हे त्यांना सांगायचे काम माझ्याकडे उरले होते. मुलगी परीक्षा उत्तीर्ण झालीच असती असे नाही. पण झाली असती की नाही, हे आता कोणालाही कधीच कळणार नाही.

मी रुजू झालो त्या शाळेतले बडेबाबू आलेल्या प्रत्येक कागदाच्या डाव्या कोपऱ्यात आल्याची तारीख घातल्याशिवाय तो वाचीतही नसत. दुरुस्त कागद आला की जुन्यावर तिरकी रेघ मारून 'रद्द' लिहीत आणि मगच नवा फायलीत लावीत. आम्ही तरुण शिक्षक त्यांना हसत असू. ब्राउझर असले काही करीत नाही. तो इमानी चाकर आहे. येईल ते घेतो, पण जुने रद्द करीत नाही, कारण तो अधिकार त्याचा नव्हे. शिवाय फायलीपुढे जी तारीख दिसते ती बहुधा आपण ती उतरवून घेतल्याची असते, मूळ कागदाची नव्हे. मार्चमधले परिपत्रक सप्टेंबरात उतरवले तर कप्प्यात ते सप्टेंबरचे होऊन बसते.

मराठीच्या विद्यार्थ्याला ही अडचण नवी नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद रुमालांत बांधलेले आहेत. त्यांतून सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड काढले. जुन्या पत्रांवर पुष्कळदा चंद्राची तारीख आणि महिना असतो, साल नसते. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला साल ठाऊकच होते, मग लिहायचे कशाला? त्या एका आळसापायी संशोधकांनी पुढे किती डोळे शिणवले! माझ्या कप्प्यातील 'आदेश', 'नवीन आदेश' आणि 'नवीन आदेश अंतिम' ही नावे त्याच कुळातली. इंटरनेट अर्काइव्हवरून घेतलेल्या जुन्या ग्रंथांची तऱ्हा आणखी निराळी. त्यांतील अनेकांच्या नावाआधी २०१५ हा आकडा असतो, आणि तो ग्रंथाच्या प्रकाशनाशी काडीमात्र संबंध ठेवीत नाही.

म्हणून या हिवाळ्यात मुलीच्या सांगण्यावरून दोन गोष्टी केल्या. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये 'प्रत्येक फाईल कुठे ठेवायची ते आधी विचारा' अशी एक सोय आहे; ती चालू केली. आता तो दर वेळी दारात उभा राहून विचारतो आणि मला तिथल्या तिथे नाव द्यावे लागते. आरंभी या विचारण्याचा फार त्रास झाला, आता नाही. नावात तारीख आधी घालतो, तीही वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाने आणि महिना दोन अंकी, म्हणजे फायली आपोआप काळानुसार ओळीत उभ्या राहतात. जावक क्रमांकातली तिरकी रेघ मात्र विंडोज नावात घेत नाही, तिथे आडवी रेघ द्यावी लागते. आत काय आहे त्यावरून शोधू म्हणावे, तर आमच्या प्रांतातील कितीतरी हिंदी परिपत्रके कृतिदेव टंकात असतात. डोळ्यांना 'छात्रवृत्ति' दिसते, पण आतून ती रोमन अक्षरांची खिचडी असते आणि शोध रित्या हाताने परत येतो. तेव्हा आपण दिलेले नाव हाच आधार. दर शनिवारी अर्धा तास घालून उरलेसुरले शाळा, घर आणि वाचन अशा तीन ठिकाणी हलवतो. दोन शनिवार चुकले आहेत, हेही सांगून टाकतो.

जुना ढीग उपसताना मी नव्या शहाणपणाच्या भरात होतो. कंसातली ठेवायची, बिनकंसाची काढायची, असा धडाका लावला होता. व्हॉट्‌सॲपवरून आलेल्या एका चित्राच्या अशाच दोन प्रती दिसल्या. नावात तीच तारीख, तीच वेळ, सेकंदापर्यंत. बिनकंसाची कचरापेटीत टाकली आणि उरलेली उघडली. पत्राचे पान होते. अक्षर आईचे. वाक्य मधूनच सुरू होत होते: "…आणि धाकट्याला शाळेत घातले. तो रडला नाही, मीच रडले."

बडोद्याची मावशी २०२१ साली गेली. तेव्हा मावसभावाने तिच्या पेटीतले एक अंतर्देशीय पत्र सापडले म्हणून दोन्ही बाजूंची छायाचित्रे एकदमच पाठवली होती. दोन्ही एकाच क्षणी निघाली, म्हणून नावही एकच पडले. त्या धामधुमीत मी ती उतरवून ठेवली आणि विसरलो. कचरापेटीतून पहिली बाजू परत काढली तेव्हा हात थरथरत होता.

आता त्यांना नाव द्यायचे होते. पत्रावर तारीख म्हणून आईने लिहिले आहे, 'मंगळवार, सकाळ'. साल नाही. शिक्का पुसट. पत्त्यात पिनकोड आहे, तेव्हा पत्र १९७२च्या ऑगस्टनंतरचे. 'धाकटा' म्हणजे मी, हे उघडच आहे. ताईला फोन केला. ती म्हणते १९७६, कारण त्या वर्षी लोणच्याची बरणी फुटली होती आणि पत्रात कैऱ्यांचा उल्लेख आहे. मी म्हटले, कैऱ्या दरवर्षीच येतात. ती म्हणाली, "तुला काय आठवणार? तू तेव्हा नाक ओढत होतास!"

तूर्त फायलीचे नाव 'आईचे मावशीस पत्र, १९७५ किंवा ७६, पहिली बाजू' असे आहे, आणि दुसरीचे त्याच धर्तीवर. मला ज्या प्राथमिक शाळेत घातले ती अजून चालू आहे. तिची जुनी दाखल-खारिज नोंदवही वाळवीतून वाचली असेल, तर उन्हाळ्याच्या सुटीत जाऊन माझ्या नावापुढची तारीख पाहून येणार आहे.