पंगत आणि बहिष्कार

मागील डिसेंबरात पुण्यास विमाननगरकडे, आयरिश धाटणीच्या एका पबमध्ये, आम्ही एका जुन्या मित्रासमवेत दुपारचे भोजन केले. ज्या विद्यालयात रोज सकाळी पंचशील ग्रहण केले जाते, त्याच विद्यालयाच्या स्मरणिकेत हे वाक्य वाचून काही पालकांच्या भुवया उंचावतील, याची आम्हांस कल्पना आहे. म्हणून आरंभीच सांगतो की, आमच्या पेल्यात लिंबू-सोडा होता आणि मित्राच्याही. जागा त्याने निवडली नव्हती, त्याच्या मुलीने निवडली होती. ती तेथून जवळच एका कंपनीत संगणक अभियंता आहे. दुपारी तेथे गर्दी नसते, निवांत बोलता येईल, असे तिने वडिलांना सांगितले. वडिलांना निवांत बोलायचे होते आणि तेही जळगावात नव्हे, हे आमच्या ध्यानात आधीच यायला हवे होते. कारण जळगावात आम्हां दोघांच्या घरांत अवघ्या दोन किलोमीटरचे अंतर आहे.

आत गडद लाकडाच्या भिंती, पितळी कठडे, डब्लिनची जुनी छायाचित्रे. 'पब' हा 'पब्लिक हाउस' या शब्दांचा संक्षेप, म्हणजे सार्वजनिक घर. आयर्लंडच्या गावांतून अशा पुष्कळ घरांच्या पुढल्या भागात किराणा विकत आणि मागल्या भागात गावकरी बसत. वाण्याचे दुकान, पार आणि चावडी जणू एकाच छपराखाली. इतिहासाच्या शिक्षकाला 'सार्वजनिक' हा शब्द सहज ओलांडता येत नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात मांडलेल्या ठरावात सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असे म्हटले होते. त्याच ठरावाच्या बळावर पुढे १९२७ साली महाडचे चवदार तळे गाठले गेले. त्या यादीत खाणावळ नव्हती. उपाहारगृहाचे दार स्पष्ट शब्दांत उघडले ते राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदाने, आणि ते अडविणाऱ्यास शिक्षा सांगितली १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने. म्हणजे त्या मेजाशी जी खुर्ची आम्ही ओढून घेतली तिचे वय फार नाही. आमच्या वडिलांना तारुण्यात ती मिळाली नसती.

मित्राने आयरिश स्ट्यू मागविला. मटण, बटाटा, कांदा, गाजर. तिखट म्हणून काही नाही. पहिल्या घासाला तो म्हणाला, "मसाला टाकायचा राहिला का भो?" मग पाव कुस्करून, वाडग्यात कालवून, भाकरी खावी तसा जेवू लागला. आम्ही त्याला बटाट्याची हकिकत सांगितली. १८४५ पासून आयर्लंडच्या बटाट्यावर करपा पडला. गरिबांचे पोट त्या एकाच पिकावर होते. सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व रोगराईने मेली, तितक्यांहून अधिक देश सोडून गेली. आणि त्याच वर्षांत त्या देशातून धान्य भरलेली जहाजे इंग्लंडला जातच राहिली. तो रावेरकडचा केळी बागायतदार. बराच वेळ चमचा तसाच धरून राहिला. "एकाच पिकावर बसलं की असं होतं," एवढेच म्हणाला.

हा मित्र आपल्या विद्यालयाचाच. १९८० साली पाचवीत आला तेव्हा वडील नुकतेच वारले होते आणि केळीची बाग सावकाराच्या ताब्यात गेली होती. जेवणाखाण्यासह शिकण्याची सोय असलेली दुसरी शाळा त्याच्या चुलत्याला सापडली नाही, म्हणून बौद्धांच्या वसतिगृहात एका मोठ्या शेतकरी जातीचा मुलगा दाखल झाला. पहिले तीन दिवस तो पंगतीला बसला नाही. ट्रंकेत आईने दशम्या बांधून दिल्या होत्या. कोपऱ्यात पाठ करून त्या खाई. अधीक्षक गुरुजींनी त्याला एका शब्दाने विचारले नाही आणि मुलांनाही विचारू दिले नाही. चौथ्या दिवशी दशम्या संपल्या. त्या रात्री वाढपी आम्ही होतो. पिठले आणि कळण्याची भाकरी. तो पंगतीच्या शेवटच्या टोकाला येऊन बसला, आम्ही वाढले, त्याने खाल्ले आणि भाकरी दुसऱ्यांदा मागितली. ज्यांनी ती पंगत पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे की, तेथे आपले ताट आपणच घासायचे असे. शेजारी शेजारी राख लावून ताटे घासताना जी मैत्री होते ती वर्गात होत नाही, असे आमचे मत आहे.

एका दिवाळीच्या सुटीत आम्ही त्याच्या घरी गेलो होतो. ओसरीवर चहा मिळाला. कप निराळा होता आणि तो विसळून कोनाड्यात पालथा घालायचा होता, हे कोणी सांगावे लागले नाही. मित्र आमच्या मागोमाग मोरीवर आला आणि स्वतःचाही कप त्याने तसाच विसळून त्याच कोनाड्यात ठेवला. तेव्हा आम्ही आठवीत होतो. या गोष्टीविषयी आम्ही दोघे पुढे कधीही बोललो नाही.

पबमध्ये बोललो. ताटे उचलली गेल्यावर त्याने विषय काढला. मुलीने लग्न ठरविले आहे. मुलगा तिच्याच कंपनीतला, भुसावळचा, वडील निवृत्त एस.टी. वाहक. "तुमच्यातला आहे," मित्र म्हणाला. "तू जरा घर बघून सांगतोस का, कसं आहे?"

मुलाचा स्वभाव, नोकरी, व्यसन यांची चौकशी करण्याचे आम्ही कबूल केले. कोणत्याही मुलीच्या बापासाठी आम्ही ती केली असती. परंतु 'तुमच्यातलं' घर कसं असतं हे तुला सहा वर्षे ठाऊक आहे, असेही त्यास सांगितले. तो ओशाळला. मग म्हणाला, "सहा वर्षं आईला सांगत होतो की तिथे आमचा स्वयंपाक वेगळा होतो. अजून तिला तसंच माहीत आहे."

त्याची आई आता पंचाऐंशीच्या घरात आहे. भीती मात्र त्याला आईची नव्हती, भाऊबंदांची होती. लग्नाला येणार नाहीत, आले तर जेवणार नाहीत, धाकट्या पुतण्याची सोयरीक मोडेल, उद्या मयतीला खांदा द्यायला कोणी उभे राहणार नाही. तो बोटे मोजून सांगत होता. हिशेब चोख होता, कारण गावात अशा एका घराचे काय झाले हे त्याने पाहिले होते आणि तेव्हा तोही त्यांच्याकडे जेवायला गेला नव्हता.

आयरिश भिंतींच्या आत बसून आम्ही हे ऐकत होतो, म्हणून एक गोष्ट आठवल्याशिवाय राहिली नाही. 'बॉयकॉट' हा शब्द त्या देशातून आला. १८८० साली मेयो परगण्यात कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा एका जमीनदाराचा कारभारी होता. दुष्काळी वर्षी खंड कमी करा, अशी कुळांची मागणी होती; त्याने कुळांना बेदखल करण्याच्या नोटिसा काढल्या. तेव्हा मजुरांनी त्याचे शेत सोडले, दुकानदारांनी माल देणे थांबविले, पत्रे पोहोचेनाशी झाली. सैन्याच्या पहाऱ्यात बाहेरून मजूर आणून पीक काढावे लागले आणि वर्ष सरण्यापूर्वी त्याने आयर्लंड सोडले. तेथे ते दुबळ्यांचे हत्यार होते. आपल्याकडे हत्याराची मूठ उलट्या हातात गेली. मजुरी, किराणा, पाणी, वाट ज्यांच्या हाती, त्यांनीच ते चालविले. बाबासाहेबांनी १९२४ साली स्थापिलेल्या सभेचे नाव 'बहिष्कृत हितकारिणी' आणि १९२७ च्या पाक्षिकाचे 'बहिष्कृत भारत' का आहे, हे मुलांना सांगताना आम्ही मेयोची गोष्ट मुद्दाम सांगतो.

खानदेशाला तर याची साक्ष जवळची आहे. १९२९ साली अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब आपल्या भागात आले होते. धुळे मार्गावरील एका गावी सवर्णांनी पुकारलेल्या सामाजिक बहिष्काराची चौकशी करण्यासाठी ते चाळीसगावी उतरले. परतल्यावर तेथील आपल्या लोकांनी एक रात्र राहण्याचा आग्रह केला. स्थानकावरून वस्तीकडे नेण्यास टांगा मिळाला. पण अस्पृश्य उतारू बसला असता टांगेवाला स्वतः हाकण्यास तयार होईना. शेवटी वस्तीतीलच एका अननुभवी माणसाने घोडा हाकला, मोरीवर टांगा कलंडला आणि बाबासाहेब दगडांवर फेकले जाऊन त्यांचा पाय मोडला. बहिष्काराची चौकशी करून येणाऱ्यालाच बहिष्काराने गाठले. पुढल्याच वर्षी गोलमेज परिषदेपुढील निवेदनात, १९२२ च्या ब्रह्मी कायद्याच्या धर्तीवर, बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी त्यांनी केली. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला तो २०१६ चा.

मित्राला कायदा सांगितला. तो म्हणाला, "कायद्यानं माणूस पंगतीत बसतो का, मास्तर?"

प्रश्न खोटा नव्हता. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी सहभोजनाने जात मेलेली नाही, आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय आहे, आणि त्याच्याही मुळाशी शास्त्रांवरील श्रद्धा आहे असे सांगितले. आम्ही दोघे सहा वर्षे एका पंगतीत जेवलो. त्यातून मैत्री झाली. जात मात्र त्याच्या घरच्या कोनाड्यात पालथी घालून ठेवलेली होती आणि ती आता त्याच्या मुलीने सरळ केली होती. आम्ही त्याला धीर दिला नाही. भाऊबंद येतील असेही म्हटले नाही. बहुधा येणार नाहीत, असेच आम्हांस वाटत होते आणि ते बोललो. मात्र विचारले की, मुलीने पुण्यात नोंदणी करून तुला नुसते छायाचित्र पाठविले असते तर? तिने तुला मेज राखून दिले, एवढी तुझी पत ती मानते. तो पुष्कळ वेळ बाहेर पाहत राहिला. मग बिलासाठी हात वर केला आणि आमचा हात पाकिटाकडे जाताच खास रावेरी शब्दांत दटावला.

पंधरा दिवसांनी आम्ही भुसावळला जाऊन आलो. मुलगा शांत आहे, घर वाचणारे आहे. बाप सेवानिवृत्तीनंतर वस्तीतील मुलांच्या शिकवण्या विनामूल्य घेतो. तसे मित्रास कळविले. त्याने आईला मुलाचे सांगितले आणि वसतिगृहातील स्वयंपाकाचेही. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने त्या मास्तरची, म्हणजे आमची, मुले काय करतात हे विचारले. याहून अधिक अद्याप घडलेले नाही. विशेष विवाह कायद्याखालील तीस दिवसांची नोटीस दिली आहे. दोघा थोरल्या चुलतभावांनी येणे-जाणे थांबविले आहे.

या अंकाचे मजकूर छापखान्यात जाण्याच्या आठवड्यात त्याचा फोन आला. विवाहानंतरचे जेवण त्याला भुसावळला द्यायचे आहे. "माझ्याकडची पंगत मोकळी दिसता कामा नये. आपल्या तुकडीची नावं काढ," असे म्हणाला. १९८६ च्या दहावीच्या तुकडीतील एकोणीस जणांशी आजवर संपर्क झाला आहे आणि सतरा जण येतो म्हणाले आहेत. पारोळा, वरणगाव आणि शिरपूरकडील चौघांचा ठावठिकाणा लागलेला नाही. वाचकांपैकी कोणास ठाऊक असल्यास विद्यालयाच्या कार्यालयात कळवावे. पंगत जमिनीवरच बसवायची असा त्याचा हट्ट आहे. पिठले, कळण्याची भाकरी आणि भरीत. वाढपी आम्ही. ज्यांचे गुडघे आता वाकत नाहीत त्यांच्यासाठी भिंतीलगत काही खुर्च्या मांडल्या जातील.