नाइट शिफ्टवाले शेजारी

बोरिवली स्टेशनला पूर्वेला उतरलात की थोड्याच वेळात तुम्ही नॅशनल पार्कच्या गेटवर. सकाळी इथे मॉर्निंग वॉकवाले काका, जॉगर्स आणि कान्हेरीला निघालेली कॉलेजची गँग. पण या पार्काची खरी शिफ्ट सुरू होते अंधार पडल्यावर. आणि तिची हजेरी लावतं झाडाला पट्ट्याने आवळलेलं, टिफिनच्या डब्याएवढं एक खोकं. कॅमेरा ट्रॅप!

नावात ट्रॅप असला तरी तो पकडत कुणालाच नाही. गरम अंगाचा प्राणी समोरून गेला की सेन्सरला उष्णतेतला फरक कळतो आणि कॅमेरा आपोआप सुरू होतो. रात्री उजेड इन्फ्रारेडचा, म्हणून क्लिप ब्लॅक अँड व्हाइट. बॅटऱ्या आणि मेमरी कार्ड बदलण्यापुरतंच माणसाने फिरकायचं.

एका सकाळी मी कॅमेरे लावणाऱ्या टीमच्या मागे मागे हिंडले. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर बांधायचा. समोरचं गवत काढायचं, नाहीतर वाऱ्यावर डोलणाऱ्या पात्यांचेच शेकडो फोटो! मग टीममधला एक जण चक्क रांगत पायवाटेवरून गेला. बिबट्याची रिहर्सल. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे, कारण बिबट्याच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात. आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे, प्रत्येकाचे स्वतःचे.

या ठिपक्यांवरूनच २०१५ मध्ये पार्क आणि आसपासच्या भागात ३५ बिबटे मोजले गेले, २०१८ मध्ये ४७. पार्क जेमतेम १०४ चौरस किलोमीटरचा, आणि भोवती सव्वा कोटीचं शहर! यांच्या डिनरमध्ये चितळ, सांबर तर आहेतच, पण २०१५ च्या अभ्यासात भटक्या कुत्र्यांचा वाटाही जवळपास चौथाई निघाला. म्हणजे आपण सोसायटीबाहेर कचरा टाकतो, त्यावर कुत्री पोसली जातात, आणि कुत्र्यांमागे बिबट्या. साखळी आपल्याच डस्टबिनपासून सुरू होते.

हे सगळं हौसेचं काम वाटत असेल, तर थांबा. २००४ मध्ये पार्कच्या आजूबाजूला बिबट्याच्या हल्ल्यांत लागोपाठ माणसं गेली. तेव्हाचा ठरलेला उपाय म्हणजे पिंजरा लावा, सापडेल तो बिबट्या उचला, लांब नेऊन सोडा. जुन्नरच्या बिबट्यांवरच्या विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातून मात्र दिसलं, की असे बिबटे जिथे सोडले तिथे हल्ले वाढले. २०२१ मध्ये आरेत हल्ले झाले तेव्हा वनखात्याने पिंजऱ्यांबरोबर कॅमेरेही लावले, नेमका कोण ते ओळखायला. कारण चुकीचा बिबट्या धरला, तर एक निरपराध जीव गजांआड जातो आणि हल्ला करणारा मोकळाच. पाड्यावर संध्याकाळी मुलांना हाका मारणाऱ्या आईची भीती तशीच राहते.

आरेतल्या वारली पाड्यांना या शेजाऱ्याची ओळख नवी नाही. तिथे वाघोबाचं देऊळ आहे, वाघबारसेला पूजा होते. टॉवरमध्ये राहणाऱ्या आपल्याला मात्र बिबट्या दिसला की आधी 'घुसखोर' सुचतं. कॅमेऱ्यातल्या फ्रेम्स बघितल्या की हा शब्द जिभेवर अडतो. दिवसा ज्या पायवाटेवर माणसं, तिथेच रात्री बिबट्या. आणि बहुतेक रात्री काहीही घडत नाही!

ऑनलाइन मिळतो म्हणून एक कॅमेरा घेऊन पार्कात बांधून यावा, असं मनात आलं असेल तर विसरा. तिथे त्यासाठी वनखात्याची परवानगी लागते. त्यापेक्षा या वीकएंडला सोसायटीच्या मीटिंगमध्ये कचऱ्याचा विषय काढा. ग्लॅमरस नाही, कबूल. पण रात्री उशिरा आरेतून घरी चालत जाणाऱ्या माणसासाठी आणि त्या ठिपकेवाल्या शेजाऱ्यासाठी, दोघांसाठीही यापेक्षा कामाचं काही माझ्या तरी डोळ्यासमोर नाही.