खाडीपलीकडच्या फुफीकडे, सायकलवरून

श्रीवर्धनहून दिवेआगरला जायचे दोन रस्ते आहेत. एक आतून, बोर्ली पंचतनवरून जाणारा. दुसरा समुद्राच्या कडेकडेनं, आरावी, कोंडिवली, शेखाडी, भरडखोल असा. लांबी वीस-पंचवीस किलोमीटर. मोटारीतून गेलं तर पाऊण तासात संपतो आणि लक्षात राहतो तो काचेतून दिसलेला निळा पट्टा. सायकलवरून गेलं की खाऱ्या वाऱ्याचा वास, वाळत घातलेल्या मासळीचा वास, कुठल्याशा घरातून येणारा भाकरीचा वास, सगळं वेगवेगळं कळतं. शेखाडीजवळ तर रस्ता आणि पाणी यांच्यात काळे खडक तेवढे उरतात.

लेख दोघांचा आहे, म्हणून 'आम्ही'. वयं 66 आणि 61. राहतो पुण्यात. मियाँच्या हृदयात तीन वर्षांपूर्वी एक स्टेंट बसला. बीबीचे दोन्ही गुडघे झिजलेले, जिना उतरताना कठड्याला हात लागतोच. मुलं आखातात, त्यांचं म्हणणं होतं की एक लहान गाडी घ्या आणि ड्रायव्हर ठेवा. गाडी आली असती तर आम्ही दोघं मागच्या सीटवर बसून म्हातारे झालो असतो. आम्ही दोन बॅटरीच्या सायकली घेतल्या.

सायकल आमच्या घरात नवी नव्हती. मियाँनी शाळेच्या वयात तासाच्या भाड्याची सायकल दामटली होती. बीबी मिरजेच्या. लहानपणी भावाच्या सायकलवर नळीखालून पाय घालून शिकल्या आणि तेराव्या वर्षी, 'आता पुरे' म्हणून त्यांची सायकल थांबली. ते थांबलेलं चाक 48 वर्षांनी पुन्हा फिरलं.

ज्यांना घ्यायची इच्छा आहे त्यांच्यासाठी थोडी दुकानदारी. या सायकलीत मोटार बहुधा मागच्या चाकाच्या मध्यभागी असते आणि बॅटरी दांड्यावर किंवा दांड्याच्या आत. काही सायकली मूठ पिळली की पायडल न मारताही पळतात. काही पायडल मारलं तरच जोर देतात, पाय थांबला की मोटार थांबते. जपानमध्ये यामाहा कंपनीनं 1993 साली विक्रीला आणलेली पहिली सायकल या दुसऱ्या प्रकारची होती. व्यायाम हवा असेल तर दुसराच प्रकार घ्यावा, असं आमचं ठाम मत आहे. आमच्या सायकलींत दोन्ही सोयी आहेत, पण मूठ आम्ही फक्त चौकात सुटताना पिळतो.

आपल्याकडच्या नियमांनुसार मोटार 250 वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर ती मोटारवाहनात धरत नाहीत. लायसन्स नको, नंबरप्लेट नको. मात्र तसं प्रमाणपत्र सायकलीला मिळालेलं आहे का, हे दुकानात विचारून घ्यावं. 'चाळीसनं पळवून देतो' म्हणणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नये, साठीनंतर चाळीसच्या वेगानं पडणं परवडत नाही. हेल्मेट कायद्यानं नसलं तरी डोक्यासाठी हवंच.

बीबींसाठी मधला आडवा दांडा नसलेली सायकल घेतली, पाय उंच न उचलता चढता येते. सलवारचा पायचा आणि ओढणी अडकू नये म्हणून साखळीला पूर्ण झाकण आणि मागच्या चाकाला जाळी लावून घेतली. ओढणी पिनांनी बांधून, वर सैल कुडता. सीट किती उंच, यावर गुडघ्यांचं सारं अवलंबून आहे. पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहिला पाहिजे. भीतीपोटी लोक सीट खाली ठेवतात आणि मग गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडतात. आम्ही पहिले पंधरा दिवस सीट खालीच ठेवली, पाय जमिनीला पूर्ण टेकतील एवढी. तोल आला तशी बोट-बोट वर घेतली.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात केली नाही. मियाँना त्यांनी एक सोपी खूण सांगितली: चालवताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की मोटारीचा जोर वाढवायचा. छातीत दडपण वाटलं तर उतरायचं, चर्चा करायची नाही. साध्या सायकलीत चढ आला की हृदयाला पर्याय नसतो. इथे बोटाशी बटण असतं. 'मोटार आहे तर व्यायाम कसला?' असं विचारणाऱ्यांसाठी: इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी 50 ते 83 वयाच्या लोकांना आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, अर्धा-अर्धा तास सायकल चालवायला लावली. काहींना साधी, काहींना बॅटरीची. 2019 साली निष्कर्ष छापले गेले. मेंदूच्या काही कामांत आणि मनाच्या उभारीत बॅटरीवाले साध्या सायकलवाल्यांच्या मागे नव्हते.

तर जानेवारीत आम्ही निघालो. सायकली ओळखीच्या टेम्पोतून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत श्रीवर्धनला पोहोचल्या. एकेकीचं वजन 23 किलो, चढवायला-उतरवायला दोन तरणी माणसं लागतात हे ध्यानात ठेवावं. मियाँचे वडील याच तालुक्यातले, नोकरीसाठी पुण्यात आले आणि गावचं घर राहिलं नाही. म्हणजे आता आम्ही इथे मुसाफिर. त्यावरून एक गंमत. मियाँ कोकणी, म्हणून शाफई. बीबी हनफी. सफरीत चार रकातींच्या दोन, इथपर्यंत दोघांचं एक. पण शाफई मुसाफिराला जुहर आणि अस्र एकत्र पढण्याची मुभा आहे, हनफींच्यात तशी नाही, आणि त्यांची अस्रची वेळही उशिरा लागते. त्यामुळे मियाँ दुपारीच मोकळे, आणि आमच्या प्रवासाचं घड्याळ चालवलं ते बीबींच्या अस्रनं. त्याचा फायदाच झाला. अस्रसाठी थांबणं म्हणजे सक्तीची विश्रांती, आणि तिथून मगरिबपर्यंत मुक्कामी पोहोचायचं हा हिशेब पक्का. अंधारात कोकणातल्या वळणांवर सायकल चालवू नये.

पहिल्या दिवशी दिवेआगर. आमची बॅटरी 36 व्होल्टची, साडेदहा अँपिअर-तासांची. गुणाकार केला तर 380च्या आत वॅट-तास, म्हणजे विजेचं अर्धं युनिटही नाही. तेवढ्यात पहिल्या जोरावर सपाटीला 45 किलोमीटर जातं, चढांवर पूर्ण जोर लावला तर 25 सुद्धा अवघड. म्हणून जाताना कंजुषी केली. चढाला लहान गिअर टाकायचा आणि पाय भराभर फिरवायचे. मोठ्या गिअरवर रेटत राहिलं की मोटार तापते. एका चढावर दोघंही उतरलो आणि ढकलत चाललो. बाजूनं जाणाऱ्या रिक्षावाल्यानं विचारलं, "चार्जिंग संपली काय चाचा?" म्हटलं, "सायकलची नाही रे बाबा, आमची."

श्रीवर्धनचा रोठा, म्हणजे इथली मोठी सुपारी, नावाजलेली. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आलं आणि पोफळी-माडांच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळीला फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात, एका दुपारी माणसाची सात वर्षं पडतात ती अशी. मोटारीतून वाडी हिरवीच दिसते. सायकलवरून दिसतं की मध्येच आभाळ जास्त आहे, जुन्या उंच झाडांच्या ओळीत नव्या रोपांचे तुकडे आहेत. एका वाडीच्या गडग्याशी पाणी प्यायला थांबलो. मालक म्हणाले, "लावली आहेत. मी नाही तर पोरगा खाईल." वयानं आमच्याहून मोठे.

दिवेआगरला खानावळीत जेवलो आणि विचारून चार्जर लावला. दोन तासांत जवळजवळ अर्धी बॅटरी भरली. पैसे देऊ केले तर मालकीणबाई हसल्या. वीज तीन-चार रुपयांच्या आतली, पण विचारल्याशिवाय कुणाच्या भिंतीला वायर लावू नये. आणखी एक: ओल्या वाळूवर सायकल नेण्याचा मोह मोठा असतो, तो टाळावा. खारं पाणी साखळी आणि मोटारीच्या जोडण्या खातं. संध्याकाळी गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्यानं पुसून, साखळीला तेल, एवढं पुरतं. पाइपाचा जोरदार फवारा मारायचा नाही.

दुसरा दिवस खरा होता. खाडीपलीकडे मंडणगड तालुक्यात मियाँची फुफी राहते. वय 84, त्या पिढीतली आमच्याकडची शेवटची. बऱ्याच वर्षांत आम्ही तिच्याकडे गेलो ते लग्नाला किंवा मय्यतीला, गाडीतून, तासाभरासाठी. फुफी दर वेळी म्हणायची, "आलात काय नि चाललात काय."

श्रीवर्धनहून हरिहरेश्वराकडे रस्ता डोंगरातून चढतो, मग बागमांडल्याच्या जेट्टीवर उतरतो. उतारावर दोन्ही ब्रेक थोडे-थोडे, सोडून-सोडून. जड सायकल उतारावर साध्या सायकलीसारखी आवरत नाही. जेट्टीच्या उतरत्या धक्क्यावर शेवाळ होतं, तिथे उतरून चाललो. समोर सावित्री. अलीकडे रायगड, पलीकडे रत्नागिरी. या रायगडचं नाव 1981 पर्यंत कुलाबा होतं. बदललं ते अंतुले साहेब मुख्यमंत्री असताना, आणि त्यांचं आंबेत याच सावित्रीच्या काठी. मियाँच्या लहानपणी ही खाडी होडीतून ओलांडायची, कोंबड्या आणि तांदळाच्या पोत्यांच्या मध्ये बसून. आता फेरीबोटीत ट्रकसुद्धा जातात. आमच्या सायकली दोन मोटारींच्या फटीत उभ्या राहिल्या. पलीकडे वेश्वीचा धक्का, वरच्या अंगाला बाणकोटचा किल्ला, ज्याला इंग्रजांनी फोर्ट व्हिक्टोरिया म्हटलं.

वेश्वीच्या टपरीवर चहा घेताना एका बुजुर्गांनी सलामाला जवाब दिला आणि मग बीबींच्या सायकलीकडे बघत मियाँना म्हणाले, "या वयात ठीक आहे, पण बाईमाणसानं?" मियाँ काही बोलणार तोच बीबी म्हणाल्या, "भाईजान, गुडघ्यांनी चालता येत नाही. बसून जाता येतं. सासरच्या बुजुर्ग बाईला भेटायला चाललेय." बुजुर्ग गप्प झाले. पटलं की नाही माहीत नाही. चहाचे पैसे मात्र त्यांनी देऊ दिले नाहीत.

फुफी ओट्यावर बसली होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला लांबचं चांगलं दिसतं. अंगणात दोन सायकली शिरल्या तेव्हा तिला वाटलं, पोस्टमन आणि बरोबर कोणीतरी. बीबींनी हेल्मेट काढलं आणि फुफी ओरडली, "या अल्ला, दुल्हन!" लग्नाला 38 वर्षं झाली, पण फुफीसाठी बीबी दुल्हनच.

मग चौकशी. मोटार कुठे, आवाज का नाही, पेट्रोल कुठे घालता. बीबींनी तिला अंगणात तीन फेऱ्या मारून दाखवल्या. शेजारच्या पोरी गडग्यावर चढल्या. त्यांतली एक आठवीतली, शाळा चार किलोमीटरवर, एसटी चुकली की दिवस बुडतो. तिनं सायकलीची किंमत विचारली. अडतीस हजार ऐकून ती गडग्यावरून उतरली. ते आम्हाला लागलं. आमच्यासाठी जी हौस आहे ती त्या पोरीसाठी शाळा आहे. साधी सायकल चार-पाच हजारांत येते आणि तिच्या पायांना मोटार नकोच आहे. परत आल्यावर त्या घराशी आमचं बोलणं झालं, बाकीचं इथे लिहिण्यासारखं नाही.

शेजारणीनं टपरीवरच्या बुजुर्गांचाच सवाल केला तेव्हा फुफीनं हात उडवला. "हजरत आयेशा उंटावरून सफर करायच्या. उंट चालतो, सायकल चालत नाही?"

रात्र तिथेच काढली. बॅटऱ्या काढून ओट्यावर, डोळ्यांसमोर चार्जिंगला लावल्या आणि झोपण्याआधी काढल्या. रात्रभर लावून ठेवू नयेत, दाराच्या वाटेत तर नाहीच. जेवणात तांदळाच्या भाकरी, सुरमई, शेवटी सांदण. इशानंतर फुफी बोलत राहिली. मियाँच्या वडिलांनी होडी चुकल्यावर खाडी पोहून ओलांडली होती, भिजलेल्या कपड्यांत बहिणीच्या दारात उभे राहिले होते, हे आम्हाला साठी उलटल्यावर कळलं. तासाभराच्या भेटीत ही गोष्ट कधी निघाली नव्हती.

फजरनंतर निघायची तयारी केली. फुफीनं कॅरिअरवर सुपारीची पिशवी बांधली, मग कॅरिअर हातानं दाबून बघितलं आणि म्हणाली, "पुढल्या खेपेला इथे गादी लावून आणा, मला धक्क्यापर्यंत घेऊन चला. सात वर्षांत खाडी बघितली नाही."

आम्ही तिला सांगितलं की या सायकलीच्या मागे माणूस बसवायचा नाही असं कंपनीनं लिहिलेलं आहे.

"मग तीन चाकांची मिळते का बघा."

मिळते. मागे बसायला सीट असलेली, बॅटरीचीच. पुण्यात दोन दुकानांत विचारून आलो आहोत. पावसाळ्याच्या आत न्यायची म्हणतोय, इन्शाअल्लाह.